मोटारीचे दोन आवाज : शांत आणि कर्कश सायलेन्सरचे तंत्र व कायदा

धाराशिव : एकाच मोटारीला दोन आवाज असू शकतात. डॅशबोर्डवरील कळ दाबली की इंजिन दबक्या सुरात चालते आणि तीच कळ पुन्हा दाबली की गाडी शर्यतीच्या मोटारीसारखी गर्जू लागते. महागड्या स्पोर्ट्स मोटारींमध्ये कंपनीकडूनच मिळणारी ही सोय आता सुट्या भागांच्या बाजारातही उपलब्ध झाली आहे. 'व्हॉल्व्हट्रॉनिक एक्झॉस्ट' किंवा 'कटआउट' अशा नावांनी तिची विक्री होते आणि साध्या मोटारींनाही ती बसवून घेण्याची हौस तरुण वाहनमालकांमध्ये दिसते. बीएमडब्ल्यू कंपनीचे 'व्हॉल्व्हट्रॉनिक' हे इंजिनातील झडपांचे वेगळे तंत्र असून त्याचा या सायलेन्सरशी संबंध नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

या सोयीविषयी एक समज सर्रास आढळतो. गाडी हवी तेव्हा शांत करता येते, म्हणजे ती नियमात बसते, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आवाजाची मर्यादा वाहनाला लागू असते, कळेच्या एका स्थितीला नव्हे. पोलिस दिसताच शांत होणारी गाडी एरवी मर्यादा ओलांडत असेल, तर ती नियमबाह्यच ठरते. हे तंत्र नेमके काय आहे, ते कोठे वैध ठरते आणि कोठे गुन्हा होतो, याचा हा आढावा.

आवाज येतो कोठून?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन होऊन निर्माण झालेला तप्त वायू बाहेर जाण्याची झडप उघडताच मोठ्या दाबाने धूरनळीत शिरतो. प्रत्येक वेळी दाबाची एक लाट निर्माण होते. या लाटांची मालिका म्हणजेच एक्झॉस्टचा आवाज. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे चार सिलिंडरची मोटार मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला १०० स्फोट होतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात हीच संख्या ७५ भरते, तर एका सिलिंडरच्या मोटारसायकलमध्ये केवळ २५. बुलेटचा सुटा सुटा 'धकधक' आवाज आणि मोटारीचा सलग गुरगुराट यांतील फरकाचे मूळ याच गणितात आहे.

या लाटा शमविण्याचे काम सायलेन्सर दोन प्रकारे करतो. पहिल्या प्रकारात वायू अनेक कप्प्यांतून आणि छिद्रे असलेल्या नळ्यांतून फिरविला जातो. कप्प्यांच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडतात आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. दुसऱ्या प्रकारात छिद्रांच्या नळीभोवती काचतंतू किंवा पोलादी तंतूंचा थर ठासलेला असतो; तो आवाजाची ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करतो. कमी कंपनसंख्येचा घुमणारा आवाज कप्प्यांमुळे, तर जास्त कंपनसंख्येचा तीक्ष्ण आवाज तंतूंमुळे अधिक दबतो. बहुतेक मोटारींत या दोहोंचा मिलाफ असतो.

झडपेची करामत

दोन आवाजांच्या एक्झॉस्टमध्ये वायूला बाहेर पडण्यासाठी दोन वाटा ठेवलेल्या असतात. पहिली वाट सायलेन्सरच्या सर्व कप्प्यांतून जाणारी, लांब आणि वळणांची. दुसरी बहुतांश कप्पे टाळून थेट शेपटाकडे जाणारी, सरळ आणि रुंद. दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी एक गोल चकती आडव्या दांड्यावर बसविलेली असते. मिस्त्री तिला 'बटरफ्लाय व्हॉल्व्ह' म्हणतात. चकती आडवी फिरली की वाट बंद होते आणि सर्व वायू कप्प्यांतून जातो; ती वायूच्या दिशेने सरळ झाली की आवाज मोकळा होतो.

ही चकती फिरविण्यासाठी छोटी विद्युत मोटर किंवा इंजिनातील निर्वात दाबावर चालणारा डबा वापरला जातो. कंपनीने बसविलेल्या व्यवस्थेत तिचे नियंत्रण इंजिनाच्या संगणकाकडे असते. इंजिनाच्या फेऱ्या, त्यावरील भार, गाडीचा वेग आणि चालकाने निवडलेली पद्धत पाहून संगणक झडप किती उघडायची ते ठरवितो. बाजारात मिळणाऱ्या संचांमध्ये मात्र हे काम बहुधा एका साध्या कळेवर किंवा किल्लीसारख्या छोट्या रिमोटवर सोपविलेले असते. गाडीचा वेग किती, वेळ कोणती, समोर रुग्णालय आहे की शाळा, याची त्या रिमोटला जाणीव नसते.

झडपेला शेकडो अंश सेल्सिअसच्या तापमानात काम करावे लागते. काजळी साचणे, दांडा अडकणे, स्प्रिंग ढिली पडून खडखडाट होणे हे तिचे नेहमीचे आजार आहेत. झडप उघड्या स्थितीत अडकली, तर 'हवी तेव्हा शांत' हा युक्तिवादच निकालात निघतो.

जुनीच हौस, नवे साधन

मोटारीचा आवाज दाबण्याचे प्रयत्न मोटारीइतकेच जुने आहेत. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कोलंबस गावातील मिल्टन आणि मार्शल रीव्हज या बंधूंना १८९७ मध्ये इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. त्यापाठोपाठ तो टाळण्याची सोयही आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अनेक मोटारींत पायाने दाबायचा 'कटआउट' असे. तो दाबला की धूर सायलेन्सरमध्ये न जाता परस्पर बाहेर पडे. चढावर ताकद वाढते, असे त्याचे समर्थन केले जाई. शहरांतील रहिवाशांच्या तक्रारी वाढल्यावर ठिकठिकाणी या कटआउटवर बंदी आली. आजचा रिमोटवरील कटआउट हा त्याचाच वंशज होय.

झडपेचा उपयोग केवळ आवाजासाठी होत नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. यामाहा कंपनीने १९८७ मध्ये मोटारसायकलींमध्ये आणलेली 'एक्सअप' झडप कमी फेऱ्यांवर इंजिनाची ओढ सुधारण्यासाठी होती. मोटारींमध्ये मित्सुबिशीच्या जीटीओ या स्पोर्ट्स मोटारीत १९९० च्या दशकाच्या आरंभी 'टूर' आणि 'स्पोर्ट' अशा दोन स्थितींचा एक्झॉस्ट मिळू लागला. १९९४ मध्ये आलेल्या फेरारी एफ ३५५ मध्येही सायलेन्सरला वळसा घालणारी झडप होती.

फोर्ड कंपनीने २०१८ च्या मस्टँगमध्ये उलट दिशेने विचार केला. कंपनीच्या एका माजी अभियंता अधिकाऱ्याने पहाटे आपली मस्टँग सुरू केली, तेव्हा शेजाऱ्याने पोलिसांना बोलाविले. त्या प्रसंगातून 'चांगला शेजारी' या नावाने ओळखली गेलेली व्यवस्था जन्मास आली. ठरावीक वेळेत गाडी आपोआप दबक्या आवाजातच सुरू व्हावी, अशी तीत सोय आहे. तीच झडप, तेच तंत्र. फक्त उद्देश शेजाऱ्याची झोप राखण्याचा. तंत्र स्वतः दोषी नसते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

कंपनीची झडप आणि गॅरेजमधील झडप

भारतात मोटारीचे कोणतेही नवे मॉडेल विक्रीस आणण्यापूर्वी त्याची केंद्राने मान्य केलेल्या संस्थेत चाचणी करावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात 'एआरएआय' ही अशा संस्थांपैकी एक. आवाजाच्या चाचणीत मोटार ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने आणली जाते, ठरलेल्या रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर दोन्ही बाजूंना ठेवलेल्या ध्वनिमापकांवर नोंद घेतली जाते. चालकासह नऊपर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनांसाठी १ एप्रिल २००५ पासून ही मर्यादा ७४ डेसिबल ठरविण्यात आली.

युरोपात हे नियम अधिक काटेकोर झाले आहेत. तेथील सर्वसाधारण मोटारींसाठी २०१६ पासून ७२, पुढे ७० आणि जुलै २०२४ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ६८ डेसिबल अशी मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली. चाचणीची पद्धत भारतापेक्षा निराळी असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. चाचणीच्या विशिष्ट वेगात झडप बंद ठेवायची आणि एरवी उघडायची, ही पळवाट लक्षात आल्यावर तेथे चाचणीबाहेरच्या फेऱ्यांसाठीही पूरक नियम करण्यात आले. ज्या सायलेन्सरला चालक निवडू शकेल अशा अनेक स्थिती आहेत, त्याने प्रत्येक स्थितीत मर्यादा पाळली पाहिजे आणि नोंद सर्वांत मोठ्या आवाजाच्या स्थितीची व्हावी, हे त्यामागील सूत्र आहे.

गॅरेजमध्ये नळी कापून वेल्डिंगने बसविलेल्या कटआउटची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते. मूळ सायलेन्सर जागेवर राहिल्याने गाडी बाहेरून पूर्ववत दिसते, एवढेच. किंबहुना तपासणीच्या वेळी शांत राहणे, हाच अशा संचाचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो.

त्याचे अन्य धोकेही आहेत. कटआउट गाडीच्या मध्यभागी बसविल्यास धूर मागे न जाता गाडीखाली सोडला जातो आणि फटींतून विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येण्याची शक्यता निर्माण होते. मोकळ्या नळीचा झोत वाळलेल्या गवतावर पडल्यास उन्हाळ्यात आगीचे निमित्त होऊ शकते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व ऑक्सिजन सेन्सर यांचे काम परस्परांवर अवलंबून असते. नळी चुकीच्या जागी कापली गेल्यास सेन्सरची नोंद बिघडते, इंजिनाचा दिवा लागतो आणि इंधनाचा खप वाढू शकतो. कन्व्हर्टरच काढून टाकल्यास आवाजाबरोबर धुरातील विषारी वायूही वाढतात. शिवाय कंपनीची हमी आणि अपघातानंतरचा विम्याचा दावा, दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

ताकद वाढते, या दाव्यातही फारसे तथ्य नाही. उच्च फेऱ्यांवर मोकळ्या नळीचा थोडा लाभ होऊ शकतो. पण रोजच्या वापरातील मोटार बहुतांश वेळ कमी व मध्यम फेऱ्यांवर चालते आणि तेथे मूळ नळीची लांबी व व्यास कंपनीने विचारपूर्वक ठरविलेले असतात. टर्बो असलेल्या डिझेल मोटारीत तर टर्बोचे चाकच आवाजाचा मोठा भाग खाऊन टाकते. त्यामुळे तेथे हा खर्च करून हाती लागतो तो प्रामुख्याने घुमणारा गोंगाट.

डेसिबलचे गणित

डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. ७४ डेसिबलची मोटार ९४ डेसिबलवर गेली, तर वाढ वीसच्या आकड्याची दिसते. प्रत्यक्षात ऊर्जा शंभरपट झालेली असते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. साडेसात मीटरवर ९४ डेसिबल असलेला आवाज १५ मीटरवर ८८, ३० मीटरवर ८२, ६० मीटरवर ७६ आणि १२० मीटरवर ७० डेसिबल उरतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. या मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजल्या जातात, त्यामुळे एका गाडीच्या क्षणिक आवाजाशी त्यांची थेट बरोबरी करता येत नाही. तरीही रात्रीच्या शांततेत असा एक आवाज रस्त्यापासून किती आतपर्यंत झोप मोडू शकतो, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा, अशी शिफारस केली आहे. वाहतुकीच्या सततच्या आवाजाचा संबंध निद्रानाश आणि हृदयविकाराशी असल्याचे अभ्यासांतून पुढे आले आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे आणि विहित मर्यादा पाळली जाईल अशा स्थितीत ते वाहन राखणे बंधनकारक आहे. विक्रीच्या वेळी गाडी शांत होती, एवढे पुरेसे नाही; ती तशी राखण्याची जबाबदारी मालकाची आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० (२) मध्ये आवाज व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणाऱ्यास, तसेच ते चालवू देणाऱ्यासही शिक्षा सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन परवान्यास अपात्रता, अशी तरतूद झाली. मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या वडिलांनी 'चालवू देणाऱ्यास' हे शब्द लक्षात ठेवावेत. कलम ५२ मध्ये वाहनात मूळ नोंदीशी विसंगत बदल करण्यास मनाई असून, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास कलम १८२-अ अन्वये प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याच कलमात सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग नियमबाह्य असताना विकणाऱ्यांसाठीही एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

फटाके वाजविणाऱ्या नळीबद्दलही सांगायला हवे. न जळलेले इंधन तप्त धूरनळीत पेटले की 'फटफट' असा बार होतो. काही जण मुद्दाम इंजिनाच्या संगणकात तसा बदल करून घेतात. वाशी तालुक्यातील तेरखेडा येथील फटाके उद्योग सर्वश्रुत आहे. तेथे तयार होणाऱ्या फटाक्यालाही कायद्याने चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे आणि तो रात्री कधी वाजवावा, यालाही बंधन आहे. रस्त्यावरून फटाके वाजवीत जाणाऱ्या मोटारीला वेगळा न्याय असण्याचे कारण नाही.

धाराशिवच्या रस्त्यांवर

ध्वनिप्रदूषणाची चर्चा बहुधा महानगरांभोवती फिरते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी 'नीरी' संस्थेने ध्वनी नकाशे तयार केले, ते २७ महापालिका क्षेत्रांचे. धाराशिव जिल्ह्यात एकही महापालिका नाही. परंतु सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, असे दोन मोठे रस्ते जिल्ह्यातून जातात. महामार्गालगतच घरे, शाळा, दवाखाने आहेत. दिवसाच्या कोलाहलात खपून जाणारा आवाज रात्री गावभर ऐकू जातो.

तुळजापूरच्या वाटेवर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. शारदीय नवरात्रात गावोगावचे तरुण भवानीज्योत घेऊन अनवाणी धावत निघतात. कोजागरी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो भाविक पायी येतात. त्यासाठी वाहतूकही अन्य मार्गांनी वळविली जाते. पण पायी चालणाऱ्यांचा ओघ त्या एका दिवसापुरता नसतो. मोठ्या आवाजामुळे लोक सावध होतात आणि अपघात टळतो, असे समर्थन हौशी चालक करतात. मात्र नळीचे तोंड मागे असल्याने आवाजाचा मोठा भाग मागेच फेकला जातो. पुढे चालणाऱ्याला तो उशिरा, दचकविणाऱ्या रीतीने ऐकू येतो. रात्रीच्या अंधारात दचकलेला पादचारी कोणत्या बाजूला सरकेल, हे सांगता येत नाही. येडशीजवळील रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरातील वन्यजीवांचाही विचार येथे करावा लागेल.

मालकांनी काय पाहावे, नागरिकांनी काय करावे?

कंपनीतूनच झडपेचा एक्झॉस्ट आलेली मोटार मान्यताप्राप्त असल्याने ती बाळगण्यास आडकाठी नाही. वस्तीत आणि रात्री ती शांत स्थितीत ठेवावी आणि झडप अडकली नाही ना, याची सर्व्हिसिंगच्या वेळी खात्री करून घ्यावी. बाहेरून संच बसविण्याचा मोह झाल्यास विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागावी : आपल्या मॉडेलवर, झडप पूर्ण उघडी असताना, मर्यादेत आवाज असल्याचे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र. ते नसेल, तर 'फक्त महामार्गावर वापरा' या आश्वासनाला कायद्यात काही किंमत नाही. जुनी मोटार विकत घेतानाही गाडीखाली जादा जोड, वेल्डिंगचे टाके किंवा अनोळखी वायर दिसते का, ते मेकॅनिककडून पाहून घ्यावे. दंडाच्या वेळी जबाबदारी नव्या मालकाची असते.

त्रास सोसणाऱ्या नागरिकांनी वाहनाचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ यांची नोंद करून तक्रार द्यावी. तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. वारंवार होणाऱ्या त्रासाबाबत स्थानिक पोलिस ठाणे व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो. परिसरातील आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वा अधिक असल्यास ध्वनिप्रदूषण नियमांनुसारही तक्रारीचा अधिकार आहे. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲपची नोंद कल्पना येण्यापुरती ठीक. कायदेशीर पुरावा म्हणून प्रमाणित यंत्रानेच मोजणी व्हावी लागते.

राज्यातील अनेक शहरांत जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडण्याची कारवाई पोलिसांनी केली आहे. पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकली अशा मोहिमेत सहज सापडतात, कारण त्यांचा दोष सदैव ऐकू येतो. कळेवर शांत होणारी मोटार मात्र तपासणीच्या नाक्यावरून निमूटपणे निघून जाते. त्यामुळे तपासणी करणाऱ्यांनी गाडीखाली डोकावून झडप शोधणे आणि ती उघडी ठेवून आवाज मोजणे अगत्याचे झाले आहे. गाडीची खरी ओळख तिच्या सर्वांत मोठ्या आवाजावरूनच ठरली पाहिजे. कारण रस्त्याकडेच्या घरात निजलेल्या माणसाला ऐकू येतो तो तोच आवाज.